३० मिलिमीटरचं भोक

(दृश्य: टेबलावर उलटी ठेवलेली चपटी पेटी. तळाचे स्क्रू एकेक करून निघतायत.)

ही पेटी २००९ सालची. मॅड कॅट्झ कंपनीने ‘स्ट्रीट फायटर फोर’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या निमित्ताने दोन फाइट स्टिक, म्हणजे दांडा आणि बटणं असलेल्या खेळायच्या पेट्या, बाजारात आणल्या, त्यातली ही धाकटी. थोरली होती ‘टुर्नामेंट एडिशन’, सुमारे १५० डॉलरची. तिच्यात दांडा आणि बटणं, दोन्ही जपानच्या सानवा देन्शी कंपनीची. धाकटी बरीच स्वस्त. दिसायला तशीच, पण आतला माल साधा. ज्यांना थोरली परवडली नाही, त्यांनी धाकटी घेतली, सानवाचे भाग वेगळे मागवले आणि घरीच बसवले.

हे जमलं, कारण वरच्या पाटीवरची भोकं ३० मिलिमीटरचीच होती.

जपानी आर्केड बटणाचं हे माप घरी खेळणाऱ्याच्या सोयीसाठी आलेलं नाही. ते गेम सेंटरमधलं आहे. तिथे एकेका मशीनवर दिवसभर अनोळखी हातांची धोपटाधोपट चालते. बटण बिघडलं की मशीन बंद, आणि मशीन बंद की गल्ला बंद. तेव्हा खराब बटण ओढून काढायचं आणि दुसरं दाबून बसवायचं, खटाक. बटणाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे खटके असतात, ते पाटीला धरून ठेवतात. स्क्रू नाही, नट नाही. आज ज्याला आपण अपग्रेड म्हणतो, ती मुळात आर्केडमधल्या मेकॅनिकची रोजची दुरुस्ती.

(दृश्य: जुन्या व्हिडिओ गेम पार्लरची छायाचित्रं.)

आपल्याकडे पार्लरमध्ये कॉइन टाकून ज्यांनी ‘मुस्तफा’ खेळलाय, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, त्यांना ढिला दांडा काय असतो हे सांगायला नको. डावीकडे जातो, उजवीकडे रुसतो. तक्रार केली तर गल्ल्यावरचा माणूस म्हणणार, “जोरात मार ना!” आणि गंमत म्हणजे जोरात मारलं की चालायचंही.

स्वतःची स्टिक बाळगण्याची गरज खऱ्या अर्थाने वाढली ती स्पर्धा आर्केड मशीन सोडून घरच्या कन्सोलवर आल्या तेव्हा. अमेरिकेतली ‘इव्हो’ ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा २००४ मध्ये पूर्णपणे कन्सोलवर आली. त्याच वर्षी तिथे दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा तो प्रसिद्ध सामना झाला. दाइगोच्या केन या पात्राकडे जीव उरला होता नखाएवढा. नुसतं अडवलं तरी मरण. समोरून वाँगच्या चुन-लीच्या सुपर हल्ल्याच्या पंधरा लाथा. प्रत्येक लाथेला नेमक्या क्षणी दांडा पुढे टेकवत त्याने सगळ्या परतवल्या आणि उलट मारून फेरी जिंकली. तो व्हिडिओ अजूनही फिरतो. बहुतेक जण पडद्याकडे बघतात, पण आपला विषय पडद्याखाली आहे.

(दृश्य: दांड्याचा जवळून शॉट. सानवाचा जेएलएफ.)

हा सानवाचा जेएलएफ. वर ३५ मिलिमीटरचा गोळा. मधे एक बिजागिरीसारखी बैठक, तिच्यावर दांडा कलतो. खाली चार मायक्रोस्विच, चार दिशांना. दांडा वर ढकललात की त्याचं खालचं टोक मागे येतं आणि मागचा स्विच दाबतं. पहिल्यांदा उघडणारा इथे हमखास गोंधळतो.

आता खोलूया. दांड्याच्या बुडाला खाच असते. तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर रोवून धरायचा आणि वरचा गोळा उलटा फिरवायचा. मग बुडाशी एक इवलीशी चकती दिसते, इंग्रजी ई अक्षराच्या आकाराची. ही ई-क्लिप. आतली स्प्रिंग तिच्यावर सतत जोर देत असते. म्हणून आधी बोटाने प्लास्टिकचा भाग आत दाबायचा, स्प्रिंग मागे सरू द्यायची, आणि मगच क्लिप ढकलायची. तसं केलं नाही तर ती उडते. कुठे, ते विचारू नका. जाणकार हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करतात, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

क्लिप निघाली की मागोमाग तो प्लास्टिकचा भाग, म्हणजे स्विच दाबणारा ॲक्च्युएटर, मग स्प्रिंग, बैठक. जुनं ग्रीस बहुधा काळं पडून धुळीत मळलेलं असतं. ते कापडाने साफ पुसायचं, बैठकीच्या वाटीत नवं लावायचं, बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त लावलं तर ते खाली उतरून स्विचवर बसतं.

स्विच दांड्याच्या पूर्ण कलण्याआधीच लागतो. टिक ऐकू येते, मशीनला दिशा कळते. तिच्यापुढचा प्रवास म्हणजे दांडा कडेच्या चौकटीवर जाऊन आदळेपर्यंतचं अंतर. ते अंतर खेळाच्या दृष्टीने फुकट. उलट तितकंच परतही यावं लागतं. स्ट्रीट फायटरचा एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाच्या साठाव्या भागाचा, साधारण १७ मिलिसेकंद. रागात दांडा चौकटीवर हाणणारा दर चालीला थोडाथोडा वेळ वाया घालवतो, आणि मग म्हणतो स्टिक स्लो आहे.

इथे दोन गोष्टी बदलता येतात. एक, स्प्रिंग. सानवाची मूळ स्प्रिंग मऊ. तिच्या जागी २ पौंडांची, हवी तर ४ पौंडांची बसवली की दांडा सोडल्यावर मध्यावर चटकन येतो. दोन, ॲक्च्युएटर. जरा जाड घातला की स्विच लवकर लागतो. दोन्ही एकदम बदलण्याचा मोह होतो. माझं मत, आधी फक्त स्प्रिंग. ती स्वस्त आहे आणि फरक हाताला लगेच कळतो. ॲक्च्युएटर जाड केला तर नको असलेली तिरकी दिशाही सहज लागू लागते, आणि सवय नसलेल्याची उडी जाते भलतीकडे.

(दृश्य: चौकोनी चौकट निघते, अष्टकोनी बसते.)

तळाच्या चौकटीवरून तर वर्षानुवर्षं वाद आहेत. मूळ चौकट चौकोनी, चारही तिरक्या दिशा तिच्या कोपऱ्यात. नव्याला ते परकं वाटतं आणि तो अष्टकोनी चौकट मागवतो. तिच्यात आठही दिशांना खाच लागते, हाताला धीर येतो. पण शोऱ्युकेनची, म्हणजे स्ट्रीट फायटरमधल्या उसळत्या ठोशाची चाल बघा: पुढे, खाली, खाली-पुढे. शेवट तिरक्या दिशेवर. चौकोनात दांडा कोपऱ्यात आपसूक जातो. अष्टकोनात ती खाच शोधावी लागते. मी चौकोनीच्या बाजूचा. शिवाय ही चौकट ४५ अंश फिरवली की जुन्या चार दिशांच्या गेमसाठी दांडा तयार, त्यासाठी वेगळा भाग घ्यावा लागत नाही.

कोरियात मामलाच वेगळा. तिथल्या दांड्यात स्प्रिंगऐवजी रबराची कडी असते, ती दांड्याला मध्यावर ओढून आणते. ‘टेकन’ हा फायटिंग गेम खेळणाऱ्यांमध्ये तिचे भक्त पुष्कळ.

बटणांचं काम फार नाही. स्टार्टसारखी बाजूची बटणं २४ मिलिमीटरची, खेळायची ३० ची. प्रत्येक बटणाला दोन पाती, त्यावर चपटे जोड ओढून बसवायचे. एक वायर आपापली, दुसरी समाईक अर्थिंगची, एका बटणावरून दुसऱ्यावर साखळीने गेलेली. साखळीत मधला जोड सुटला की पुढची सगळी बटणं मेली. बटण बाहेरून आत बसवताना पाती वाकतात, त्यामुळे अंगठ्याने हळू दाबायचं.

(दृश्य: जुना हिरवा सर्किट बोर्ड बाहेर येतो.)

या पेटीचा बोर्ड आता निकामी म्हणायला हरकत नाही. तो एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ च्या काळातला. मॅड कॅट्झने २०१७ मध्ये दिवाळं काढलं, पण पेटी धडधाकट आहे. म्हणून आत ब्रूक कंपनीचा बोर्ड घालतात, किंवा रास्पबेरी पाय पिको हा चिमुकला बोर्ड. पिको आला जानेवारी २०२१ मध्ये, ४ डॉलरला. त्यावर जीपी-२०४० सीई हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, चढवलं की तो फाइट स्टिकचा मेंदू होतो. पीसीवर मस्त चालतो. प्लेस्टेशन ४ मात्र अधिकृत परवाना नसलेल्या बोर्डाला ८ मिनिटांनी बाहेर काढतो, ऐन फेरीत. ते टाळायचं तर परवान्याची सोय असलेला बोर्ड घ्यावा लागतो, आणि तिथे पैसे लागतात.

रंगीत दिव्यांवर मात्र खर्च करू नका. आवडत असतील तर लावा, पण फायदा म्हणून नाही.

आणि एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. २०१४ च्या इव्होतली स्ट्रीट फायटरची स्पर्धा फ्रान्सच्या लफीने जिंकली, तीही पहिल्या प्लेस्टेशनच्या साध्या कंट्रोलरवर. शिवाय आज अनेक जण दांडाच काढून टाकतात आणि चारही दिशांना बटणंच लावतात. त्या पाटीवरही बरेचदा भोकं तीच, बटणं तीच.

(दृश्य: पडद्यावर ट्रेनिंग मोड. कोपऱ्यात दाबलेल्या चाली उमटतायत.)

झाकण लगेच आवळू नये. आधी ट्रेनिंग मोड लावायचा, चाली दिसण्याची सोय चालू करायची, आणि आठही दिशा, सगळी बटणं एकेक तपासायची. वर दाबल्यावर डावं उमटलं, तर दांडा पाव वळसा फिरवून बसलाय. एखादीच दिशा गप्प असेल, तर स्विचवर संशय घेण्याआधी पाच वायरींचा कनेक्टर बघा. बहुतेक वेळा तो एका बाजूने पुरता बसलेला नसतो. अंगठ्याने दाबा आणि पुन्हा तपासा. मग झाकणाचे सगळे स्क्रू लावा.