ढिगातली ओल

वखारीचे दार उघडताच सडीची वर्दी डोळ्यांआधी नाकाला मिळते. निरोगी बटाट्याच्या ढिगाला कोरड्या मातीचा वास असतो. आज तो हरवला आहे, त्याच्या जागी आंबट, कुबट दर्प आला आहे, आणि बटाटा साठवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या पोटात तेवढ्यानेच गोळा उठतो. लागवडीपासून काढणीपर्यंतचे कष्ट या एका ढिगात येऊन विसावलेले असतात. त्यांतले किती वाचतील, हे बरेचसे पुढच्या काही दिवसांवर अवलंबून आहे.

घाईने आत मात्र शिरू नये. साठवलेला बटाटा जिवंत असतो, तो श्वास घेतो. आणि सडणारा ढीग तर प्राणवायू झपाट्याने संपवून कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळघरात किंवा बंदिस्त वखारीत खाली साचतो. सडक्या बटाट्यांच्या तळघरात उतरलेली माणसे दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून आधी दारे सताड उघडावीत, पंखे लावावेत, पुरेसा वेळ जाऊ द्यावा, आणि आत जाणाऱ्यावर लक्ष ठेवायला एक माणूस बाहेर उभा करावा. पीक कितीही मोलाचे असले, तरी या बाबतीत तडजोड नको.

आता ढिगाचा माथा पाहा. सगळीकडे सपाट असलेला हा माथा एका जागी खचला आहे. खालचे बटाटे आकार सोडून बसले, की वरचे खाली येतात. तेथे तापमापकाची सळई खुपसली, तर पारा आजूबाजूपेक्षा काही अंश वर चढतो. वरून एक बटाटा उचलून अंगठ्याने हलकेच दाबला, की साल फाटते आणि आतला गर पिठल्यासारखा बोटांवर उतरतो. हीच ओली कूज.

बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, आणि या रोगाचे सारे बळ त्या पाण्यात आहे. पेक्टोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू जखमेतून किंवा सालीवरच्या बारीक श्वासरंध्रांतून आत जातात आणि पेशींना पेशी जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळवून टाकतात. पेशी सुटल्या, की पाणी सुटते आणि ते शेजारच्या बटाट्यावर पसरते. सालीवर पाण्याचा पातळसा थर बसला, तरी आतल्या पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि जखम भरून काढण्याची बटाट्याची ताकद मंदावते. जिवाणूंना मात्र प्राणवायूवाचूनही वाढता येते. त्यातच सडण्याने ढीग तापतो, गरम दमट हवा वर चढते, माथ्यावरच्या थंड बटाट्यांवर तिचे दव होते, आणि जेथे कूज नव्हती तेथेही ओल पोहोचते.

ओली कूज पुष्कळदा दुसऱ्या रोगाच्या मागून येते, त्यामुळे काही बटाटे कापून पाहणे आवश्यक असते. हा एक कंद मधोमध कापून फळीवर ठेवला आहे. कापताना गर मळकट पांढरा होता. अर्ध्या तासात त्यावर गुलाबी छटा चढली, आणि पुढे ती काळवंडत जाईल. ही गुलाबी कूज आहे, पाणथळ जमिनीतून शेतातूनच आलेली. सालीखाली तांबूस तपकिरी, दाणेदार डाग दिसला आणि कंद टणक असला, तर तो करपा समजावा. १८४५ साली आयर्लंडमध्ये याच करप्याने पीक गाठले, तेव्हा काढताना धडधाकट दिसलेले बटाटेही खड्ड्यांत साठवल्यावर सडून गेले. पुढे १८७६ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी या रोगाच्या कारकाला फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हे नाव दिले. सुरकुतलेला, आत पोकळ झालेला बटाटा कोरड्या कुजीचा असतो. ती हळू पसरते, तिला सवड देता येते.

मनाला पहिल्यांदा वाटते, की ढीग उपसावा आणि सडका बटाटा वेचून काढावा. बहुतेक नुकसान याच घाईने वाढते, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिकून फुटायला आलेला एक सडका कंद हाताखाली किंवा माल वाहणाऱ्या पट्ट्यावर फुटला, की त्याचे पाणी कितीतरी चांगल्या बटाट्यांना लागते, आणि हाताळताना झालेल्या ओरखड्यांतून रोगाला वाट मिळते. कूज काठावर किंवा माथ्यावर एकाच जागी असेल, तर ती हलक्या हाताने, भोवतीच्या चांगल्या दिसणाऱ्या बटाट्यांच्या कड्यासह काढून घ्यावी आणि त्यातला एकही बटाटा ढिगात परत टाकू नये. पण कूज सगळीकडे विखुरलेली असेल, तर ढिगाला हात न लावता त्याला वारा द्यावा.

हा वारा खालून वर, अखंड खेळला पाहिजे. एरवी वखारीत हवा दमट ठेवतात. आता दमटपणा देणारी यंत्रे बंद करावी लागतात. आत सोडलेली हवा ढिगापेक्षा एक-दोन अंश थंड असावी, कारण गरम हवा थंड बटाट्याला लागली, की दव धरलेच. यात चांगल्या बटाट्याचेही वजन घटते. ते घटू द्यावे, कारण या घडीला वजनापेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा. सडके कंद वाळून चामड्यासारखे झाले, की त्यांचे पाणी शेजाऱ्याला लागत नाही, आणि मगच निवड सुरू करता येते.

निवडलेला माल धुऊ नये आणि पुन्हा दीर्घकाळ साठवू नये. तो लवकर वापरात जावा. बेण्यासाठी तर तो मुळीच ठेवू नये. कुजका माल बांधावर फेकणे घातक असते, कारण त्यातला तग धरलेला एखादा कंद फुटतो आणि त्याच्या कोंबावरून करप्याचे बीजाणू वाऱ्यावर नव्या पिकात जातात. तो शेतापासून आणि विहिरीपासून दूर, मातीखाली खोल पुरावा. रिकाम्या वखारीची जमीन आणि पट्टे आधी घासून स्वच्छ करावेत, मगच जंतुनाशक वापरावे. मळावर ओतलेले औषध वाया जाते.

या सडीचे मूळ बहुधा काढणीच्या दिवसांतच सापडते. माती ओली होती, कंद उन्हाने तापलेले होते, किंवा गाडीत भरताना ते उंचावरून आदळले. १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडलेला बटाटा वरून धड दिसला, तरी आतून ठेचकाळतो. निरोगी मालाला १० ते १५ अंश सेल्सिअसला, दमट हवेत, साधारण दोन आठवडे ठेवले, की जखमांवर नवी साल धरते. कूज शिरलेल्या मालाला मात्र हे ऊबदार दिवस देता येत नाहीत. त्याला लगेच थंड आणि कोरडे करावे लागते.

पंखे लावल्याला आता काही दिवस झाले आहेत. सळई पुन्हा त्याच खचलेल्या जागी खुपसली आहे, आणि पारा आजूबाजूच्या ढिगाएवढाच थांबला आहे. माथ्यावरचा बटाटा उचलला, तर साल हाताला कोरडी आणि खरखरीत लागते, बोटांना मातीची पूड चिकटते. पंख्यांची घरघर चालूच आहे, आणि दाराशी निवडीसाठी पाट्या मांडल्या जात आहेत.