नाण्यावरची रेघ टांकसाळीतली की नंतरची?

हे नाणं बघा, लाईट जरा आडवा घेतो म्हणजे नीट दिसेल. अंकाच्या खालून थेट कडेपर्यंत एक बारीक रेघ गेलीये. कुणालाही वाटेल चरा आहे, पण दहापट भिंगातून बघितलं की कळतं, ही रेघ खोल नाहीये, वर उठलेली आहे. चऱ्याने धातू खरवडला जातो, तिथे खाचच पडणार. म्हणजे तडा नाण्याला नाही, डायला, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणाऱ्या ठशाला गेला होता आणि छापताना दाबाने धातू त्या फटीत शिरला. मला तर नाणं हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो, खूण टांकसाळीत पडली की बाहेर आल्यावर?

आता हे दुसरं, कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडाच नाही. पत्र्यातून चकत्या पाडताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही की पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती अर्धवट निघते. पण कुणी नंतर कापलंही असेल ना, मग तुटक्या जागेकडे नका बघू, तिच्या बरोबर समोरची कड बघा, टांकसाळीतल्या खऱ्या चुकीत ती बहुतेक वेळा दबकी, पुसट असते कारण छापण्याआधी चकतीची कड दाबून उंच करताना तिथे पुरता दाबच बसत नाही. समोरची कड एकदम ठसठशीत असेल तर मला शंका येते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते डबल अक्षरांत. 1955 चा अमेरिकन सेंट प्रसिद्धच आहे, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत डायवरच छाप दोनदा उमटली, तीही थोडी फिरून, आणि तशी 20,000 च्या आसपास नाणी चलनात गेली. तसं असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, भरीव दिसतात, टोकाला दुभंगलेली. पण छापल्यावर डाय नुसता हलला तरी अक्षराची कड घासून सपाट पायरी होते, अक्षर उलट बारीक होतं. असली नाणी ढिगाने मिळतात, त्यांना संग्राहक सहसा भाव देत नाहीत.

आणि प्लीज, सापडलेलं नाणं घासू नका, पॉलिश तर अजिबात नको, कडेने धरा, वजन करा, फोटो काढा.

आता त्या पहिल्या नाण्याचंच, त्याच वर्षाची बाकीची नाणी चाळत होतो आणि हे मिळालं. त्याच जागी तीच रेघ, फक्त जरा लांब, पार अक्षरात घुसलेली. डाय तोच दिसतोय, तडा वाढलाय, म्हणजे हे नंतर छापलेलं.