पाटीला नको, पगाराला द्या

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या देणगीचे पैसे भारतात कुठे पाठवायचे यावर कमिटीच्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं की एखाद्या शाळेला खोली बांधून देऊ, दारावर मंडळाच्या नावाची पाटी लागेल, फोटो येतील. भावना चांगलीच आहे. पण मला मनापासून वाटतं की पैसे माणसांच्या कामाला द्यावेत, म्हणजे पगार, मानधन, ट्रेनिंग, गाडीचं डिझेल, ज्याचा फोटो निघत नाही त्याला.

गडचिरोलीचंच बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत गेले आणि त्यांची 'सर्च' संस्था तिथे उभी राहिली. नव्वदच्या दशकात त्यांनी 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं, घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, बाळ गार पडलं तर ऊब कशी द्यायची, श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. यांना तिथे आरोग्यदूत म्हणतात. तिसऱ्या वर्षापर्यंत, ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात ते छापून आलं. पुढे 2011 पासून सरकारने नवजात बाळाला घरी जाऊन बघायचं काम देशभरच्या आशाताईंना दिलं. या सगळ्यात मोठी बिल्डिंग कुठेच नाहीये, आहे ते ट्रेनिंग, मानधन आणि पुन्हा पुन्हा गावात जाऊन काम तपासणारी माणसं. आणि हा खर्च दर महिन्याला येतो, एकदा देऊन संपत नाही.

म्हणून माझं म्हणणं, एकच काम निवडू या आणि निदान पाच वर्षं धरून ठेवू या. दरवर्षी नवीन संस्था, नवीन चेक असं केलं की तिकडच्या कार्यकर्त्याला पुढच्या जूनमध्ये आपला पगार निघेल का हेच कळत नाही, आणि मग चांगली पोरं काम सोडून शहरात जातात.

आता पैसे पाठवायचे कसे ते सांगते, कारण यात खूप गोंधळ आहे. परदेशातून पैसे घ्यायचे तर भारतातल्या संस्थेला एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांबद्दलच्या भारतीय कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन लागतं. त्यासाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी पाहिजे आणि त्या तीन वर्षांत कामावर 15 लाख रुपये खर्च झालेले पाहिजेत. 2020 च्या बदलानंतर हे पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यात जमा होतात आणि एका संस्थेला ते दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. म्हणजे पुण्यातल्या मोठ्या ट्रस्टला देऊ, ते मेळघाटातल्या छोट्या ग्रुपला देतील, हा जुना रस्ता बंद झाला. याचा सगळ्यात जास्त फटका लहान संस्थांना बसलाय, आणि खरं काम बऱ्याचदा त्याच करतात याचं मला फार वाईट वाटतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआय असेल, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेऊन भारतीय वंशाचं कार्ड असेल, तर धरतात, तुम्ही कितीही मराठी असलात तरी. म्हणून एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आलेल्या आपल्या तरुण मंडळींना मी खास सांगते, एफसीआरए रजिस्ट्रेशन नसलेल्या छोट्या संस्थेला तुम्ही थेट मदत करू शकता, फक्त इथल्या टॅक्समध्ये त्याची सूट मिळणार नाही आणि संस्था पासपोर्टची कॉपी मागू शकते, ती आनंदाने द्या.

बाकीच्यांसाठी अमेरिकेत रजिस्टर झालेल्या संस्था आहेत, 1978 पासून काम करणारं आपलं महाराष्ट्र फाउंडेशन आहे. तिथे टॅक्सची सूट मिळते आणि तुम्ही नोकरी करता त्या पुष्कळ कंपन्या तुमच्या देणगीइतकीच रक्कम आपल्याकडून वर घालतात, तेवढं एचआरला विचारा, नुसतं न विचारल्यामुळे ते पैसे राहून जातात.

जेवणाच्या हॉलबाहेर टेबलावर फॉर्म ठेवलेत. महिन्याला किती जमेल तेवढंच लिहा, रक्कम छोटी असली तरी चालेल, पण पाच वर्षांसाठी लिहा. कमिटी पुढच्या मीटिंगमध्ये संस्था ठरवेल, आणि ठरवायच्या आधी तिथल्या कार्यकर्त्यांना फोन करून त्यांना काय पाहिजे ते विचारेल.