पाण्याला वाट

(दृश्य: पहाट. ऐरोलीच्या पुलावरून दिसणारी ठाणे खाडी. ओहोटी, चिखल, तिवरं.)

पहाटे ऐरोलीच्या पुलावर गाडीची काच खाली केली की हवेतला चिकट ओलावा गालाला लागतो. खाडीकाठच्या शेडमध्ये ठेवलेल्या विमानालाही तोच लागतो. गाल रुमालानं पुसता येतो. पंखाच्या आतला पत्रा पुसायला हात पोचत नाही.

हौसेनं बाळगलेलं दोन आसनी विमान आणि पाणी, यांच्यात वर्षभर काय काय चालतं, ते पाहू.

(दृश्य: औद्योगिक वसाहत. शटर वर जातं. आत पंख उतरवून ठेवलेलं विमान.)

वागळे इस्टेट, रबाळे, महापे. तीस फूट खोल गाळ्यात असं विमान पंख काढून व्यवस्थित बसतं. लेथ, वेल्डिंग, पावडर कोटिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. घरी जोडायच्या सुट्या भागांचं परदेशी किट असेल तर लाकडी पेटी न्हावा शेवा बंदरात उतरते आणि तासाभरात दारात येते. कस्टममधून सुटायला किती दिवस लागले, तो विषय वेगळा.

उडवायचं मात्र इथून नाही. डोक्यावर मुंबई विमानतळाचं नियंत्रित आकाश आहे, आणि २५ डिसेंबर २०२५पासून उलव्याला नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय. खाडीचा एक पट्टा २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट यांच्यावर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे खरी, पण हौशी वैमानिकाला तिचा उपयोग नाही. तेव्हा पंख काढायचे, ट्रेलरवर बांधायचे, घाट चढायचा, आणि वर परवानगी असलेल्या धावपट्टीवर पुन्हा जोडायचे. म्हणजे पंखाचा प्रत्येक बोल्ट दर फेरीला निघतो आणि पुन्हा बसतो. सुरुवात त्याच्यापासूनच करू.

(दृश्य: तळहातावर सोनेरी झाक असलेला बोल्ट. शेजारी चकचकीत स्टेनलेसचा.)

डावीकडचा विमानाचा, एएन या अमेरिकन विमान-प्रमाणाच्या मापाचा, कॅडमियमचा मुलामा दिलेला. उजवीकडचा नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला, त्याच जाडीचा आणि दिसायला जास्त देखणा. तो नको. साधा स्टेनलेस बोल्ट ताणाला एएन बोल्टपेक्षा कमी पडतो, ही एक गोष्ट. दुसरी, स्टेनलेस आणि ॲल्युमिनिअम यांच्यामध्ये खारट दमटपणा शिरला की तिथे छोटी बॅटरीच तयार होते, आणि झिजतं ते ॲल्युमिनिअम. बोल्ट चकाकत राहतो, भोकाच्या कडेला पांढरी भुकटी जमते. पोलादाचा गंज तांबडा, म्हणून पटकन दिसतो. ॲल्युमिनिअमचा पांढरा असतो आणि धूळ समजून फुंकला जातो. म्हणून दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे आधी इपॉक्सी प्रायमर द्यायचा, तो पूर्ण सुकू द्यायचा आणि मगच बोल्ट लावायचा.

आवळायचा तो टॉर्क रेंचनंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्ह्यानं. एएन-३, म्हणजे ३/१६ इंच जाडीच्या बोल्टला साध्या नटवर २० ते २५ इंच-पाउंड. एएन-४ला ५० ते ७०. हे आकडे मोटारीच्या पान्ह्याची सवय असलेल्या हाताला फार कमी वाटतात, आणि तो हात बोल्ट ताणून ठेवतो. नायलॉनच्या नटातून बोल्टचा निदान एक पूर्ण आटा बाहेर दिसला पाहिजे. बोल्टवर काही फिरत असेल, उदाहरणार्थ कंट्रोलचा सांधा, तर तिथे नायलॉनचा नट चालत नाही. खाचांचा नट आणि त्यातून स्प्लिट पिन. एकदा वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नाही. ती फार तर दोन-चार रुपयांची असते.

(दृश्य: रिव्हेटच्या रांगेवरून सरकणारा कॅमेरा. एका रिव्हेटमागे काळसर ओघळ.)

हा ओघळ नीट पाहा. पत्रे जोडणारा रिव्हेट सैल झाला की पत्रा त्याच्याभोवती घासतो, बारीक काळी पूड निघते, आणि वारा ती मागे ओढत नेतो. याला धुराडा रिव्हेट म्हणता येईल. धुऊन टाकला की दिसत नाही, म्हणून विमान धुण्याआधी तपासायचं, नंतर नाही.

सांगाडा क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादाच्या नळ्यांचा असेल तर गंज आतून लागतो. त्यावर जुना आणि स्वस्त उपाय जवसाचं तेल. वेल्डिंग झाल्यावर गरम तेल नळीत ओतायचं, सांगाडा सगळ्या बाजूंनी कलता करायचा, जादा तेल निथळू द्यायचं आणि भोक बंद करायचं. निथळायला रात्रभर ठेवा. उरलेलं तेल म्हणजे शेपटाकडे विनाकारण वाहिलेलं वजन.

आता रंग. जून ते सप्टेंबर इथे पंखाच्या कापडावर डोप, म्हणजे कापड ताणून बसवणारं रोगण, मारू नये, कितीही घाई असली तरी. डोपमधला द्रावक उडताना पृष्ठभाग गार करतो, त्यावर हवेतला ओलावा धरतो आणि थर दुधाळ पांढरा पडतो. तो नुसता दिसायला वाईट नसतो, तो कमकुवतही असतो. इपॉक्सीचं तसंच: दमट हवेत सुकताना वर मेणासारखा पापुद्रा येतो. पुढचा थर देण्याआधी तो साध्या पाण्यानं धुऊन, सुकवून, घासून काढायचा. न धुता घासला तर तो आतच दाबला जातो आणि वरचा थर पुढे सोलून निघतो.

(दृश्य: शेपटीचा आडवा भाग उलटा धरलेला. मागच्या कडेला खालच्या अंगाला बारीक भोक. त्यात तार घातली जाते.)

आता असा भाग, ज्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. एलिव्हेटर (विमानाचं नाक वरखाली करणारा शेपटीचा हलता भाग) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) यांच्या खालच्या कडेला ही बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. विमान आतून पूर्ण कोरडं ठेवणं कोणालाच जमत नाही. रात्री हवा गार झाली की पोकळीत दव धरतं. ते पाणी बाहेर पडायला भोक. ते रंगानं बुजतं, मेणानं बुजतं, ट्रेलरवरच्या चिखलानं तर हमखास. मग कपभर पाणी आत राहतं. उड्डाणात ते मागच्या कडेला जातं आणि बिजागरीच्या मागे वजन वाढतं. कंट्रोलचा समतोल ग्रॅममध्ये मोजून केलेला असतो. तो बिघडला की वेग वाढताना फ्लटर सुरू होऊ शकतो, म्हणजे शेपटीचा भाग आपोआप थरथरू लागतो आणि थरथर क्षणाक्षणाला वाढत जाते. काही सेकंदांत भाग तुटू शकतो. तपासणी एका मिनिटाची: भाग हातानं वरखाली हलवायचा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का ऐकायचं, आणि प्रत्येक भोकात तार घालून पाहायची.

तार हातात आहेच, तर पिटो नळीचं, म्हणजे समोरच्या हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळीचं, टोकही पाहा. तार मात्र तिथे घालू नका, नुसतं डोळ्यांनी बघा. कुंभारमाशीला ही नळी फार आवडते. दोन दिवस नळीला लाल टोपी घालायची राहिली की आत मातीचं घर, आणि धावपट्टीवर वेगाचा काटा शून्यावर. धावताना काटा हलला नाही तर तिथेच थांबायचं.

(दृश्य: टेबलावर १०० मिलिलिटरचं काचेचं मोजपात्र.)

इंधनातलं पाणी हा वेगळाच प्रकार आहे, कारण हल्ली पेट्रोल स्वतःच पाणी ओढतं. छोट्या विमानांत सर्रास दिसणारं रोटॅक्स ९१२ इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, पण त्यात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. आपल्या पंपावर मात्र आता २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं.

घरच्या घरी चाचणी. मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी. वर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, ठेवा, थर वेगळे होऊ द्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल नसेल तर खालचा थर १० वरच राहतो. १० टक्के असेल तर १९ च्या आसपास चढतो, २० टक्के असेल तर २८ च्या. खालचा थर वाढला, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला जाऊन मिळालं. टाकीतही हेच होतं. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी तळातूनच इंधन घेते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि टाकीचं सीलंट मऊ करतं. नळ्या पाच वर्षांनी बदलायच्याच, चांगल्या दिसत असल्या तरी. कार्ब्युरेटरमधले फ्लोट, म्हणजे इंधनाची पातळी राखणारे तरंगते तुकडे, काढून काट्यावर ठेवा: जोडीचं वजन ७ ग्रॅमच्या वर गेलं असेल तर त्यांनी इंधन शोषलंय. ते बुडू लागतात आणि इंजिन ओकल्यासारखं चालतं.

पर्याय म्हणजे विमानांसाठीचं पेट्रोल, ॲव्हगॅस १००एलएल, निळ्या रंगाचं, इथेनॉल नसलेलं. इंडियन ऑइल २०२२पासून ते देशात, वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवतं. त्यात शिसं असतं, म्हणून सतत ॲव्हगॅसवर चालणाऱ्या रोटॅक्सचं ऑइल नेहमीच्या निम्म्या तासांत बदलावं लागतं. शिशाचा गाळ ऑइलच्या टाकीच्या तळाशी करड्या लोण्यासारखा बसतो.

इंधन गाळ्यात साठवू नका. ३० लिटरच्या वर पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येत नाही, आणि शेजारी वेल्डिंग चालू असतं.

(दृश्य: पावसाळा. शेडच्या पत्र्यावर पाऊस. झाकलेलं इंजिन.)

पावसाळ्यात पुष्कळ मालक एक प्रेमळ चूक करतात. दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालू करून ठेवतात, जाम होऊ नये म्हणून. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं ऑइलमध्ये उतरतं. ते उडायला ऑइल १०० अंशांपर्यंत तापावं लागतं. जमिनीवर दहा मिनिटांत ते तितकं तापत नाही. म्हणजे दर रविवारी थोडं थोडं पाणी भरलं जातं. तीन महिने उडायचं नसेल तर ताजं ऑइल घाला, तोंडं बंद करा, सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि इंजिनाला हात लावू नका.

(दृश्य: घाटावरची धावपट्टी. ऑक्टोबरची सकाळ, गवतावर दव.)

हवेतलं पाणी उड्डाणातही सोबत असतं. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा फाकते, पेट्रोलची वाफ होते, आणि तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं. बाहेर २५ अंश असताना आत बर्फ धरतो, हे कोकणातल्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. सगळ्यांत धोका उतरताना, थ्रॉटल कमी असताना. आधी इंजिनाचे फेरे हळूहळू पडतात, मग इंजिन खडखडतं. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी, पूर्ण ओढायची, अर्धी नाही, आणि थ्रॉटल कमी करण्याआधी. ओढल्यावर इंजिन आणखी वाईट चालतं, कारण वितळलेलं पाणी त्याच्या घशात जातंय. इथेच माणूस घाबरून हीट बंद करतो. बंद करू नका, थोड्या वेळात फेरे परत येतात.

उन्हाचं गणित छोटं आहे: तापलेली हवा पातळ असते, जणू आपण आणखी उंचावर आहोत. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण १,८५० फुटांवर, प्रमाण तापमान (त्या उंचीला गृहीत धरलेलं) ११ अंशांच्या आसपास. दुपारी ३८ असेल तर फरक २७ अंशांचा, आणि दर अंशाला उंचीत १२० फुटांची भर. विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवर आहोत. ओलाव्यानं हवा आणखी पातळ होते. सकाळी आठच्या आत उडा.

आणि शेवटचं काम. टाकी भरल्यावर दहा मिनिटं थांबायचं, पंखाचं टोक धरून हलवायचं, मग सर्वांत खालच्या निचऱ्याच्या झडपेतून काचेच्या बाटलीत नमुना घ्यायचा. बाटली आकाशासमोर धरायची. पहिल्या नमुन्यात तळाशी पाऱ्यासारखी गोळी फिरते. दुसऱ्यात एखादा थेंब. तिसरा स्वच्छ, निळा. चौथा तरीही काढायचा. आणि संपूर्ण बाटली एकाच रंगाची दिसली तर नाकाशी नेऊन वास घ्यायचा, कारण बाटलीभर निव्वळ पाणीही तितकंच स्वच्छ दिसतं.