रांग १५, खुर्ची १६४

(दृश्य : रात्र. प्रखर दिव्यांखाली हिरवे मैदान, भोवती रिकाम्या गॅलऱ्या. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज घुमून परत येतो.)

१० मार्च २०२० रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरातल्या मेस्ताया स्टेडियमवर चॅम्पियन्स लीग या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा सामना खेळला गेला, तेव्हा महासाथीमुळे स्टेडियमचे दरवाजे प्रेक्षकांसाठी बंद होते. इटलीतील बर्गामोहून आलेल्या अतालान्ता संघाने व्हॅलेन्सियाविरुद्धचा तो सामना ४-३ असा जिंकला आणि त्यांचे चारही गोल योसिप इलिचिच या एकाच खेळाडूने केले. एरवी अशा रात्री जवळपास पन्नास हजार माणसांनी श्वास रोखून धरला असता. त्या रात्री मात्र खेळाडूंच्या एकमेकांना दिलेल्या हाका आणि प्रशिक्षकांचे ओरडणे तेवढे ऐकू येत होते. मुख्य गॅलरीत पंधराव्या रांगेत, १६४ क्रमांकाच्या खुर्चीवर एक माणूस तेवढा बसलेला होता. घरच्या संघाने गोल केला तेव्हा तो उठला नाही आणि संघ हरला तेव्हाही हलला नाही, कारण तो कांस्याचा आहे.

विसेंते नवारो अपारिसिओ हे त्याचे नाव. विसेंते ना व्हॅलेन्सिया क्लबचे अध्यक्ष होते, ना खेळाडू. ते सामने पाहायला येत असत, एवढीच त्यांची ओळख होती. वयाच्या ५४व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि त्यानंतरही ते येत राहिले. मुलगा शेजारी बसून मैदानावर काय चालले आहे ते सांगत असे आणि वडील ऐकत असत. ज्याला चेंडू दिसत नाही, त्याने घरी बसून रेडिओवरचे समालोचन ऐकले असते तरी निकाल तोच कळला असता. विसेंते यांना निकालापेक्षा अधिक काही हवे होते. गॅलरीचा गलका कोणत्या बाजूने उठतो, शेजारच्या माणसाचा कोपर कधी लागतो, गोल होण्याआधीच्या अर्ध्या क्षणात हजारो खुर्च्या एकदम कशा खडखडतात, हे तिथे गेल्यावाचून कळत नाही. क्लबला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या २०१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, क्लबने त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर मैदानाकडे तोंड करून बसलेला त्यांचा पुतळा बसवला.

आपल्या भाषेत संघाच्या अशा माणसाला पाठीराखा म्हणतात. खेळाडूची नजर पुढे गोलकडे असते आणि पाठ राखणारा त्याच्या नजरेच्या बाहेर, मागे कुठेतरी उभा असतो. त्यामुळे असा एखादा पाठीराखा गेला, तर ते संघाला कळायचे कसे, हा साधा प्रश्न पडतो. हा माहितीपट त्या प्रश्नाविषयी आहे.

(दृश्य : सकाळची रिकामी गॅलरी. खुर्च्यांच्या पाठीवरचे क्रमांक, एकेक करून.)

निधनाच्या बातमीत आपण लिहितो की अमुक यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. फुटबॉलच्या गॅलरीत ही पोकळी डोळ्यांना दिसते. ती जेमतेम हातभर रुंद असते आणि तिला क्रमांक असतो. दुःखाची गोष्ट अशी की ती भरून येते. पुढच्या हंगामात सीझन तिकिटांची यादी नव्याने तयार होते आणि त्या क्रमांकापुढे दुसऱ्याचे नाव पडते. नवा माणूस निर्धास्तपणे येऊन बसतो आणि त्याने तसे बसणे योग्यच असते. डावी-उजवीकडची माणसे मात्र पहिले काही सामने थोडी अवघडून बसतात.

गॅलरीतले शेजार हे एक विलक्षण नाते आहे. दोन माणसे वीस-वीस वर्षे शेजारी बसतात, हरलेल्या सामन्यानंतर एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवतात, गोल झाला की एकमेकांना मिठी मारतात, आणि तरीही त्यांना एकमेकांचे आडनाव ठाऊक नसते. समोरचा काय काम करतो, कुठे राहतो, घरी कोण कोण आहे, हे कधी विचारलेलेच नसते, कारण सामन्याच्या दिवशी विचारण्यासारख्या गोष्टी वेगळ्या असतात. मग एका सामन्याला शेजारची खुर्ची रिकामी राहते. बरे नसेल, असे वाटते. दुसऱ्या सामन्यालाही ती रिकामीच राहते. चौकशी करावी तर कुणाकडे करावी? फोन नंबर नाही, पत्ता नाही, पूर्ण नावही नाही. शेवटी प्रवेशद्वारावर तिकिटे तपासणारा माणूस किंवा क्लबच्या कचेरीतले कोणी सांगते की ते गेले, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येते की अंत्यसंस्कारही होऊन गेले आहेत.

घरच्यांचा अनुभव याच्या उलट असतो. सामन्याच्या दिवशी वडील दुपारी घराबाहेर पडतात, रात्री आवाज बसलेल्या अवस्थेत परत येतात, यापलीकडे त्यांना फारसे माहीत नसते. अंत्यदर्शनाच्या वेळी दाराशी सात-आठ अनोळखी माणसे येऊन उभी राहतात. त्यांच्या गळ्यात एकाच रंगाचे मफलर असतात आणि प्रत्येक जण मृताविषयी अशा जवळिकीने बोलतो की मुलांना आपल्याच वडिलांची नव्याने ओळख होते. माझ्या मते क्लबने पाळलेल्या दुखवट्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. ज्यांना परस्परांचे दुःख माहीत नव्हते, अशा या दोन गटांची त्यामुळे गाठ पडते.

(दृश्य : मध्यवर्तुळाभोवती उभे असलेले दोन्ही संघ. खेळाडूंच्या दंडावर काळ्या फिती. पंच शिट्टी ओठांपाशी नेतात.)

एक मिनिटाचे मौन हा दुखवट्याचा सर्वांत परिचित प्रकार. या माहितीपटासाठी ध्वनी जुळवताना आम्हाला जाणवले की ते मौन मुळीच निःशब्द नसते. ध्वजाची दोरी खांबावर आपटत असते. कुणाचे लहान मूल मोठ्याने काहीतरी विचारते आणि त्याची आई त्याला हळू आवाजात गप्प करते. लाउडस्पीकर बंद केलेला नसल्यामुळे त्याची बारीक घरघर चालू राहते. एखादा खोकला दाबून धरलेला असतो, तो पंचांची शिट्टी वाजताच हजारो आवाजांत मोकळा होतो. ज्याच्यासाठी हे मिनिट पाळले जात आहे, तो आयुष्यभर याच आवाजांमध्ये बसलेला होता.

अलीकडे अनेक ठिकाणी मौनाऐवजी एक मिनिट टाळ्या वाजवतात. नोव्हेंबर २००५ मध्ये विख्यात फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट यांचे निधन झाले, त्यानंतर इंग्लंडमध्ये ही प्रथा रुजली. सामान्य पाठीराख्यांसाठी तिचे एक जिव्हाळ्याचे रूप तिथे आढळते. मृत व्यक्ती ६२ वर्षांची असेल, तर सामन्याच्या ६२व्या मिनिटाला गॅलरीतून टाळ्या सुरू होतात आणि मिनिटभर चालतात. खेळ थांबत नाही. पाहुण्या संघाच्या चाहत्यांना कारण समजले की बरेचदा तेही त्यात सामील होतात. मृत व्यक्ती मूल असेल, तर मात्र ते मिनिट फार लवकर येते. प्रेक्षक अजून खुर्च्यांवर नीट टेकलेलेही नसतात, तोवर आठवे किंवा अकरावे मिनिट उजाडते आणि गॅलरीला उभे राहावे लागते.

(दृश्य : डॉर्टमुंडची दक्षिण गॅलरी, पिवळ्या-काळ्या मफलरांची भिंत.)

१३ मार्च २०१६ रोजी जर्मनीतील डॉर्टमुंड येथे बोरुसिया आणि माइन्त्स यांच्यातला सामना सुरू असताना गॅलरीतील एक ८० वर्षांचे प्रेक्षक हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावले. त्या स्टेडियममध्ये ८० हजारांहून अधिक माणसे मावतात आणि तिथली दक्षिण गॅलरी तर सारा सामना उभ्याने, गात पाहण्यासाठी जगभर ओळखली जाते. बातमी गॅलरीतून गॅलरीत पोचत गेली तसतसे गाणे थांबत गेले. उत्तरार्धात ढोल थांबले, घोषणा थांबल्या, पाहुण्या संघाचे समर्थकही गप्प झाले. मैदानावरच्या खेळाडूंना ही शांतता जाणवत होती, पण तिचे कारण समजत नव्हते. घरच्या संघाने दुसरा गोल केला तेव्हा जल्लोष झाला नाही. सामना संपल्यावर मात्र सर्व प्रेक्षकांनी दोन्ही हातांनी मफलर डोक्यावर ताणून धरले आणि क्लबचे गाणे एकत्र म्हटले. खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गॅलरीसमोर उभे राहिले. मौन पाळण्याची कोणतीही घोषणा त्या दिवशी लाउडस्पीकरवरून झालेली नव्हती. ऐंशी हजार माणसांनी ते आपण होऊन पाळले, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्या वृद्धाचे नावही माहीत नव्हते.

आपल्या देशात या दुःखाला एक दिवसच नेमून दिलेला आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असताना गॅलरीत हाणामारी झाली आणि त्यानंतरच्या चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांचा जीव गेला. तेव्हापासून बंगालमध्ये हा दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर भरते. त्या सोळा जणांमध्ये कोण कोणत्या क्लबचा होता, हा प्रश्न रक्त देणाऱ्याला कोणी विचारत नाही. ब्राझीलमधील स्पोर्ट क्लब दो रेसिफे या क्लबने २०१२ मध्ये पाठीराख्यांसाठी अवयवदानाची मोहीम सुरू केली आणि ५० हजारांहून अधिक लोकांनी क्लबची दानपत्रे घेतली. तुमचे डोळे पुढेही क्लबचा खेळ पाहत राहतील, असे आश्वासन त्या मोहिमेत एका अंध माणसाने दिले होते. ते ऐकताना मला विसेंते आणि त्यांच्या शेजारी बसून बोलणारा मुलगा आठवला.

(दृश्य : मैदानाच्या कडेचे गवत, अगदी जवळून. दव.)

मृत्यूनंतरही आपल्या जागेजवळ राहावे, असे अनेकांना वाटते. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन क्लबचे गुडिसन पार्क हे मैदान १८९२ पासून वापरात आहे. तिथे आठशेहून अधिक पाठीराख्यांच्या अस्थी मैदानाच्या कडेने पुरलेल्या आहेत. अखेर जागाच उरली नाही, म्हणून २००४ पासून क्लबला नव्या विनंत्या नाकाराव्या लागल्या. अशी विनंती नाकारणे किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. व्यवहाराचीही एक बाजू आहे. अस्थींच्या राखेत क्षार फार असल्यामुळे ती गवतावर पसरली तर गवत जळते, आणि म्हणून अनेक क्लब मैदानावर राख टाकू न देता बाजूला स्मृतिउद्यान करतात. जर्मनीतील शाल्के क्लबच्या पाठीराख्यांसाठी गेल्सेनकिर्शेन येथे २०१२ च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र दफनभूमी खुली झाली. तिथे १९०४ थडग्यांची सोय आहे, कारण क्लबची स्थापना १९०४ सालची आहे.

परंतु ज्यांनी मैदानाच्या कडेला चिरविश्रांती घेतली, त्यांचे मैदानच हलले तर काय करायचे? एव्हर्टनच्या पुरुष संघाने १८ मे २०२५ रोजी गुडिसन पार्कवर आपला अखेरचा सामना खेळला आणि तो संघ नदीकाठच्या नव्या स्टेडियमवर गेला. आधीच्या योजनेनुसार जुने स्टेडियम पाडले जाणार होते. नंतर ते क्लबच्या महिला संघाला देण्याचे ठरले. या निर्णयामागे हिशेबाची कारणे असतीलच. मला मात्र त्या बातमीने खरोखर दिलासा दिला, कारण कडेच्या मातीत असलेल्या आठशे माणसांना अजूनही सामन्याच्या दिवशी पावलांचा आवाज मिळतो. ही भावना तर्काला धरून नाही, हे मला माहीत आहे, तरीही ती मी इथे नोंदवत आहे.

(दृश्य : पुन्हा मेस्ताया. दुपार. प्रेक्षक आत येत आहेत.)

मेस्तायाचेही दिवस मोजके आहेत. १९२३ मध्ये सुरू झालेल्या या स्टेडियमच्या जागी क्लबने शहराच्या दुसऱ्या भागात नवे स्टेडियम बांधायला घेतले, त्याचे काम २००९ मध्ये बंद पडले आणि सोळा वर्षे अर्धवट उभ्या राहिलेल्या त्या सांगाड्यावर २०२५ च्या जानेवारीत पुन्हा काम सुरू झाले. तिथल्या रांगा वेगळ्या असतील आणि खुर्च्यांचे क्रमांकही नव्याने पडतील. ज्या खुर्चीचा रस्ता विसेंते यांच्या पायांना न पाहता ठाऊक होता, ती खुर्ची मात्र या जुन्या गॅलरीतच आहे.

सामना सुरू व्हायला थोडा वेळ उरला आहे. पंधराव्या रांगेतली माणसे एकेक करून येत आहेत, बसलेल्यांना गुडघे आत घ्यायला सांगत आपापल्या जागेकडे सरकत आहेत. कांस्याच्या माणसाला गुडघे आत घेता येत नाहीत, म्हणून त्याच्यासमोरून जाणारा प्रत्येक जण थोडा तिरपा होऊन जातो. वडिलांच्या मांडीवर बसलेला एक लहान मुलगा पुतळ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारतो. वडील त्याच्या कानाशी वाकून सांगू लागतात, आणि त्यांचे सांगून होण्याआधीच मैदानावर शिट्टी वाजते.