गिरण्यांच्या गावातला फुटबॉल आणि गुणतालिका

मित्रहो, सोलापुरात फुटबॉलवर बोलायचं तर सुरुवात मी गिरणीपासूनच करणार. आपली जुनी मिल १८७७ साली चालू झाली. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८८८ मध्ये, इंग्लंडात जगातली पहिली फुटबॉल लीग उभी राहिली. बारा क्लब होते, त्यातले सहा वायव्य इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्याचे. लिव्हरपूलचा एव्हर्टन सोडला तर उरलेले पाच, म्हणजे प्रेस्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली आणि अ‍ॅक्रिंग्टन, हे सुताकापडाच्या गावांतले. १८५० च्या कारखाना कायद्यानं कापडगिरण्यांमधल्या बायकांचं आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायला लावलं. त्यांच्याविना गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही सुट्टी मिळू लागली. दोनला गिरणी सुटायची, तीनला सामना सुरू व्हायचा. शनिवारी तीनचा सामना ही इंग्लंडची रीत तिथून पडली. ज्यांच्या घरात भोंग्यावर दिवस चालायचा, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

लीगची कल्पना काढली अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या विल्यम मॅकग्रेगर यांनी. बर्मिंगहॅममध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं. १८८५ पासून खेळाडूंना उघडपणे पगार देता येत होता, पण सामने मात्र बेभरवशाचे. ठरलेला संघ ऐनवेळी यायचाच नाही. प्रेक्षक नाहीत तर तिकिटं नाहीत, मग पगार कुठून द्यायचा? प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या, ही व्यवस्था त्या अडचणीतून आली. गंमत म्हणजे मोसम सुरू झाला तेव्हा क्रम कसा लावायचा हेच ठरलं नव्हतं. विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक, हे नोव्हेंबरात ठरलं.

त्या पहिल्या तालिकेची पहिली ओळ मला तोंडपाठ आहे. प्रेस्टन नॉर्थ एंड : सामने २२, विजय १८, बरोबरी ४, पराभव शून्य, गोल केले ७४, खाल्ले १५, गुण ४०. दुसऱ्या नंबरवरच्या व्हिलाचे गुण २९. पुढच्या वर्षीही प्रेस्टनच जिंकलं, आणि त्यानंतर आजवर एकदाही नाही. १९५३ मध्ये अगदी तोंडाशी आलेला घास गेला. आर्सेनल आणि प्रेस्टन दोघांचेही ५४ गुण झाले. तेव्हा गोलफरक धरत नसत, केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. आर्सेनलचे ९७ भागिले ६४, म्हणजे १.५१६. प्रेस्टनचे ८५ भागिले ६०, म्हणजे १.४१७. एवढ्यावर किताब गेला! इंग्लंडमध्ये वजाबाकीचा साधा गोलफरक १९७६ पासून आला.

विजयाला तीन गुणही तिथेच १९८१ पासून. संघांनी बरोबरीवर समाधान मानू नये, जिंकायला जावं, हा हेतू. याचा परिणाम बघायला लांब जायला नको. आय-लीग, म्हणजे आपली तेव्हाची राष्ट्रीय लीग, २०१६-१७. मिझोरामच्या ऐझॉलचे १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव, गुण ३७. कोलकात्याच्या मोहन बागानचे १० विजय, ६ बरोबरी, फक्त २ पराभव, गुण ३६. आता हेच जुन्या दोन गुणांच्या हिशेबानं मांडा. दोघांचेही २६ येतात. कमी सामने हरलेला, १८८९ सालचा क्लब दुसरा राहिला आणि आदल्या मोसमात तळात घसरलेला ऐझॉल विजेता झाला. माझ्या मते ते योग्यच झालं. ज्यानं धोका पत्करला त्याला फळ मिळालं.

पण तालिकेत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे क्लब कुणाच्या जिवावर उभा आहे. आपली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये कुणी जिंकली? पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सनं. कापडगिरणीचाच संघ! आय. एम. विजयन आणि बायचुंग भुतिया त्यात होते. २०११ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि कंपनीनं तो बंदच केला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, मुंबईचा महिंद्रा युनायटेडही मिटला, तोही राष्ट्रीय विजेता होऊन गेलेला. दोन्ही संघांचा कारभार मालकाच्या हातात होता. मालकाचं मन बदललं की विषय संपला. प्रेस्टनच्या गिरण्याही केव्हाच बंद पडल्या, पण क्लब अजून त्याच डीपडेल मैदानावर खेळतो आहे, कारण गावानं तो आपला मानला.

म्हणून इथल्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एक दिवसाच्या बाद फेरीच्या स्पर्धा खूप झाल्या. सहा संघ जमले तरी लीग लावा, प्रत्येकाला दहा सामने मिळतील. संघाला पेठेचं नाव द्या, देणगीदाराचं नको. दर रविवारी तालिका हातानं लिहून मैदानाच्या फाटकावर लावा, आणि मोसम संपला की ती वही कुणाच्या घरी न ठेवता वाचनालयात जमा करा. गिरणीच्या संघांचे जुने फोटो कुणाकडे असतील, तर मागे नावं लिहून तेही तिथेच आणून द्या.