अकरावी-बारावीचं जर्मन आणि भोसरीचं लेथ

श्रोतेहो, नमस्कार. अकरावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की घरोघरी ‘दुसरी भाषा’ या रकान्यापाशी गाडी अडते. संस्कृत, जर्मन, फ्रेंच, हिंदी, की भाषाच नको, आयटी घेऊन टाकू? पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जर्मन शिकवते, त्यामुळे पालकांचा पहिला प्रश्न मला पाठ झालाय: ‘मॅडम, स्कोअरिंग आहे ना?’

आहे. लेखी 80 गुणांची, तोंडी 20 गुणांची. व्याकरण पक्कं असलं की गुण पडतात. झालं.

मला आज सांगायचंय ते निराळंच. ज्याला मराठी येतं त्यानं जर्मन मराठीतून शिकावं. पुन्हा सांगते, इंग्रजीतून नाही, मराठीतून. आपल्याकडे तो, ती, ते. त्यांच्याकडे डेर, डी, दास. तीन लिंगं आपल्या अंगवळणी पडलेली असतात. आता, आपला सूर्य पुल्लिंगी आणि त्यांचा स्त्रीलिंगी, हे मान्य. ते पाठच करावं लागतं, आणि नाम पाठ करताना लिंगासकटच पाठ करायचं. पण निर्जीव वस्तूला लिंग कशाला, असं मराठी पोर विचारत नाही. विभक्तीचंही तेच. त्यांच्या तर चारच. ‘कारण मला भूक लागली आहे’ यात आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि ‘कारण’ या अर्थाच्या ‘वाइल’नंतर जर्मनमध्येही ते शेवटीच जाऊन बसतं. इंग्रजीत विचार करणारी मुलं नेमकी इथे ते मध्येच कोंबतात आणि गुण घालवतात.

यावरून भोसरीची गोष्ट सांगते. ही मी दर वर्षी वर्गात सांगते, आज तुम्हीही ऐका.

दिवाळीच्या सुट्टीत मी अकरावीला एक गृहपाठ देते. घरात, दुकानात, कुठेही जर्मन मजकूर दिसला तर तो वहीत उतरवून आणायचा. बहुतेक जण होमिओपॅथीची बाटली नाहीतर चॉकलेटचा कागद घेऊन येतात. एका मुलीच्या वडिलांचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप होतं. तिनं आणलेल्या वहीच्या पानावर तेलाचे काळे अंगठे उमटले होते, आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच ओळ: ‘नूर इम श्टिलश्टांट शाल्टन’.

वडिलांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिलावात एक जुनं जर्मन लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन, घेतलं होतं. त्याच्या हेडस्टॉकवर, म्हणजे गिअरच्या पेटीवर, लिव्हरशेजारी एक पट्टी होती, रंगाखाली आणि ग्रीसखाली गाडलेली. डबा द्यायला गेलेल्या या पोरीनं रॉकेलमध्ये मशीन पुसायच्या सुताचा बोळा बुडवून ती घासून काढली आणि वाचली. मशीन पूर्ण थांबलेलं असतानाच गिअर बदलायचा, एवढाच त्याचा अर्थ.

लेथवर एक जुने काका होते. हात सोन्याचा. पण चक, म्हणजे तुकडा धरून फिरणारा भाग, पुरतं थांबायच्या आतच लिव्हर ओढायची सवय. कर्रर्र असा आवाज यायचा, आणि त्या आवाजाची सगळ्या शॉपला सवय झाली होती. मुलगी म्हणाली, ‘काका, चक थांबल्याशिवाय लिव्हर हलवायचा नाही, असं लिहिलंय इथे.’ काका म्हणाले, ‘बाळा, मला जर्मन येत नाही आणि मशीनला वाचता येत नाही. चालू दे.’

मुलगी चिवट. तिनं वडिलांना झाकण उघडायला लावलं. आत गिअरचे दात कडेनं झडलेले. तोच गिअर त्यांनी आधीही बदलून घेतला होता, आणि दर वेळी गिअर बनवणाऱ्याशी ‘माल हलका दिलास’ म्हणून भांडण केलं होतं! त्या बिचाऱ्याला पुढे चहा पाजला असेल अशी आशा आहे.

मी मुद्दाम ते लेथ बघायला गेले. पट्टीखाली वडिलांनी लाल ऑइलपेंटनं मराठीत लिहिलं होतं: ‘मशीन थांबल्यावरच गिअर बदलणे.’ बघा, ‘बदलणे’. ‘दार बंद करणे’, ‘रांगेत उभे राहणे’, आपल्या पाट्यांचा हाच थाट. त्यांचीही सूचना अशीच, कुणालाही न उद्देशून, क्रियापद शेवटी. वरची ओळ आणि खालची ओळ एकाच साच्यातली. काका शेजारीच उभे होते. नव्या हेल्परला त्यांनी माझ्यासमोर दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, जर्मन ओळ जास्त दमात.

जाता जाता बोलून घेते. हल्ली कॉलेज आणि क्लास यांचं साटंलोटं असतं, पोरं हजेरीपुरती आमची. भाषेचा तास आधी कापला जातो. आणि वर धोरणकर्ते! 2014 साली केंद्रीय विद्यालयांत वर्ष अर्ध्यावर असताना जर्मन काढून संस्कृत आणलं. मला संस्कृतही आवडतं, पण नोव्हेंबरात विषय बदलतात का?

असो. ज्यांना पुढे जर्मनीत शिकायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. बारावीच्या गुणपत्रिकेतलं जर्मन तिथे प्रवेशाला पुरत नाही. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमधून असतात आणि त्यासाठी वरच्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं. पातळ्या ए वनपासून सी टूपर्यंत सहा. जर्मन शिकायला पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला विदेशी भाषा विभाग आहे. पुन्हा सांगते, गुणपत्रिका वेगळी, प्रमाणपत्र वेगळं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नसतं. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात मात्र 2017 पासून आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो भरावे लागतात. राहण्याखाण्याचा खर्च वेगळा.

आणि तोंडी परीक्षेसाठी रोज मोठ्यानं वाचायचं. मनात नाही, मोठ्यानं. आईबाबांना एक अक्षर कळलं नाही तरी चालेल, त्यांनी समोर बसून भाजी निवडावी. नमस्कार.